रूथमावशीचे देव

भादव्याचं ऊन पाठीला चावायला लागलं आणि माळावर कारळ्याची पिवळी फुलं दिसायला लागली, की माझ्या नाकात अजून चिंचेचा आणि चुलीतल्या राखेचा वास येतो. नवरात्र तोंडावर आलेलं असतं. देव घासायचे दिवस. आता पितळ उजळायची पावडर डबीतून मिळते. सून तीच आणते आणि दोन मिनिटांत देव लख्ख होतात. मला ते बघवत नाही. देव घासायला वेळ लागला पाहिजे, बोटं काळी झाली पाहिजेत. आमच्या घरातली सगळी खरी बोलणी त्याच वेळात व्हायची.

यंदा याच दिवसांत एक तरुण प्राध्यापक घरी आले होते. सभ्य माणूस. त्यांच्या व्याख्यानमालेला एक बाई कमी पडत होती. विषय होता हिंदू आणि ख्रिस्ती अध्यात्म, एक तौलनिक विचार. मी मिशनच्या शाळेत शिकले, पुढे तिथंच शिकवलं, घरात कुलाचार सगळे चालू, तेव्हा माझ्याइतकं योग्य कोण, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, तुलना करून काय करायचं? ते म्हणाले, "म्हणजे कोणतं कुठं श्रेष्ठ ठरतं, ते श्रोत्यांना कळेल." मी त्यांना चहा दिला, खोबऱ्याची वडी दिली आणि नाही म्हणून सांगितलं. ते गेले, पण माझी चिडचिड काही गेली नाही. चिडचिड झाली की मी लिहायला बसते.

श्रेष्ठ कोणतं ते मला माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. मला एक नवरात्र माहीत आहे. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. कोल्हापूर संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि शिवाजी पेठेतली म्हातारी माणसं अजून जुन्या कारभाराच्याच गोष्टी सांगत बसायची. आमचं घर पेठेतच, तालमीच्या मागं. त्या नवरात्रात माझ्या आईनं आणि रूथमावशीनं जे केलं, ते कुठल्या अध्यात्मात बसतं ते प्राध्यापकांनी मला सांगावं.

रूथमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. ती आमच्याच गल्लीत सून म्हणून आली, आईच्या मागोमाग. तिचा नवरा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. माझ्या जन्माआधीच त्या दोघांनी बाप्तिस्मा घेतला. भावकीनं संबंध तोडले. घर सोडून ती दोघं मिशनच्या आवारात राहायला गेली आणि मावशी तिथल्या शाळेत लहान मुलींना शिकवायला लागली. प्रश्न राहिला तो घरातल्या देवांचा. चांदीचे दोन टाक होते, बोटभर उंचीचे ठसे उमटवलेले पत्रे, एक अंबाबाईचा आणि एक जोतिबाचा. भावकी म्हणाली, बाटलेल्या घरातले देव आम्हाला नकोत. नवरा म्हणाला, सोनाराला देऊन टाकू, वितळवेल. मावशीला ते होईना. सासूनं मरताना ते टाक तिच्या ओंजळीत ठेवले होते आणि "सांभाळ" एवढंच म्हटलं होतं. शेवटी एका दुपारी तिनं ते फडक्यात बांधले आणि माझ्या आईकडे आणून दिले.

आई म्हणाली, "ठेव की. माझ्या देवांत तुझं देव. ते काय भांडत न्हाईत."

तेव्हापासून आमच्या देव्हाऱ्यात दोन जोतिबा आणि दोन अंबाबाया होत्या. नवरात्रात आमच्याकडे देव घटी बसतात. विड्याच्या पानांवर टाक मांडायचे, शेजारी काळ्या मातीत धान्य पेरून घट ठेवायचा, रोज एक माळ चढवायची. दसऱ्यापर्यंत देव हलवायचे नाहीत, त्यांना आंघोळ नाही, काही नाही. आई मावशीच्या देवांनाही पानं मांडायची. आणि दर नवरात्रात नवमीला मावशी आपले देव बघायला यायची. नवरा वारला त्या वर्षीही आली.

ती यायची, पदर डोक्यावरून घ्यायची आणि घटापुढं बसायची. हात जोडायची नाही. हळदकुंकू घ्यायची नाही. मूर्तीला दाखवलेलं अन्न तिला चालत नसे, म्हणून आई एक वेगळीच गोष्ट करायची. पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायच्या आधीच दोन पोळ्या बाजूला काढून मावशीसाठी झाकून ठेवायची. ज्यांना कुलाचार माहीत आहेत त्यांना कळेल, हे केवढं धाडस होतं. देवाच्या आधी घरातलं तान्हं पोरसुद्धा पुरणाला बोट लावत नाही. पण आईचं म्हणणं असं, की देवाला उशीर चालतो, पावण्याला उपाशी पाठवलेलं चालत नाही.

मग मावशी डोळे मिटून प्रार्थना करायची. त्या वयात मला त्याचं फार नवल वाटायचं. आम्ही देवापुढं डोळे उघडून उभे राहणारी माणसं. अंबाबाईच्या देवळात बायका एकमेकींच्या खांद्यावरून माना उंचावतात, मुखडा दिसला पाहिजे म्हणून. डोळे मिटले तर आलो कशाला? मावशीच्या मिशनमधल्या खोलीत मी गेले होते. भिंतीला चुना, एक खुंटी, एक कंदील, आणि बाकी काही नाही. तिचा देव कुठं असतो ते शोधत मी चारही भिंती बघितल्या होत्या. ती हसली होती आणि म्हणाली होती, "बघू नगंस, ऐक." आमच्याकडे देव दिसायचा. तिच्याकडे तो ऐकायचा आणि बोलायचा. आम्ही देवाला न्हाऊ घालायचो, जेवू घालायचो, थंडीत शाल पांघरायचो. तो आमच्या घरातलं लेकरू होता. तिच्याकडे उलटं होतं, लेकरू ती. आमच्या तोंडी ठरलेले श्लोक, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. तिची प्रार्थना दर वेळी नवी. शाळेतल्या मुलीचा ताप, कौलं गळतात, मन आज कडू झालंय, सगळं ती बापाला सांगितल्यासारखं सांगायची. पण कुणी म्हणेल की हिंदू बाई देवाशी मनातलं बोलत नाही, तर त्यानं माझ्या आत्याला जोतिबाच्या डोंगरावर भांडताना ऐकायला हवं होतं. "पोरगी उजवंना, तू हितं गुलालात लोळत बसलाईस व्हय रं?" असं ती त्याला, लेकीचं लग्न जमेना म्हणून, सगळ्यांच्या देखत विचारायची.

मी एकदा न राहवून मावशीला विचारलं, "तू आमच्या देवांकडं काय मागतीस?"

ती म्हणाली, "त्यांच्याकडं न्हाई मागत. त्यांच्यासाठी मागतो."

"म्हंजे?"

"सासूला शब्द दिलता, सांभाळीन म्हणून. आता माझ्यानं सांभाळणं हुईना. मग माझ्या बापाला सांगतो, बाबा, मी न्हाई तर तूच बघ यांच्याकडं. आक्काचं घर लई बरं हाय, पर तुझीबी नजर असू दे."

आक्का म्हणजे माझी आई. हे ऐकून मला हसू आलं होतं. आज येत नाही. एक बाई आपल्या देवाला आपल्या सोडलेल्या देवांची काळजी घ्यायला सांगते, हे शास्त्राच्या कुठल्या पुस्तकात बसवायचं? तिच्या चर्चच्या पाळकांना कळलं असतं तर ते हादरले असते. आमच्या भटजींना कळलं असतं तर तेही.

त्या वर्षी थोरले काका गगनबावड्याहून निवृत्त होऊन कोल्हापूरला, आमच्याच घरी राहायला आले होते. ते मास्तर. तिथल्या पावसानं त्यांचे सांधे धरले होते आणि स्वभावही. आयुष्यभर दुसऱ्यांना शिस्त लावलेली, आता लावायला फक्त आमचं घर उरलं होतं. नवमीला ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा आई नेमकी नैवेद्याआधी पोळ्या झाकून ठेवत होती.

"हे कुणाचं?"

"रूथचं."

"देवाआधी?"

"तिला दावलेलं चालत न्हाई. मग आधीच काढाय लागतंय."

काकांचा आवाज पार तालमीपर्यंत गेला असेल. बाटगी बाई घटापुढं बसते, तिचे देव आमच्या देवांना लावून ठेवलेत, वर तिला देवाआधी वाढतात! ते टाक आजच्या आज पंचगंगेत सोडा. माझे वडील भांडण लागलं की पंचांग काढून बसायचे, तसेच बसले. आईनं तवा उतरवला, हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "घटी बसल्यात ते. दसऱ्यापतूर देव हलवायचं न्हाईत, तुम्हीच सांगता की."

काका पाय आपटत ओसरीवर गेले. मावशी त्या दिवशीही आली. तिला सगळं कळलं होतं, गल्लीतच कुणीतरी सांगितलं असणार. ती नेहमीसारखी बसली, डोळे मिटले, पोळी खाल्ली. काका ओसरीवर पाठ करून बसले होते. जाताना ती त्यांना म्हणाली, "येतो, भाऊजी." त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

दसऱ्याला सोनं लुटून झालं, घट उठले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी काका फडकं घेऊन देव्हाऱ्यापुढं उभे. आईनं आदल्या संध्याकाळी सगळे टाक एका परातीत घेऊन चिंचेनं घासले होते आणि तसेच ओले एका तबकात ओतून ठेवले होते. दोन्ही घरांचे टाक गुजरीतल्या सोनारांच्या ठशांचेच. तोच घोडा, तीच तलवार, झीजही सारखीच.

आई म्हणाली, "घ्या. कुठला सोडायचा तुम्हीच निवडा. चुकून आपलाच जोतिबा गंगेत गेला तर मला बोल लावू नगा म्हंजे झालं."

काकांनी एक टाक उचलला, उजेडात धरला, दुसरा उचलला. परत पहिला उचलला. मग दोन्ही खाली ठेवून ते तरातरा बाहेर पडले. त्या टाकांचं पुढं नाव निघालं नाही. आई मात्र दिवसभर गाणं गुणगुणत होती, आणि आईला गाणं येत नसे.

आम्हाला वाटलं संपलं. पण काका घरातून बाहेर पडले ते थेट मिशनच्या आवारात गेले. ज्या माणसानं कधी त्या फाटकाकडं मान वळवली नव्हती, तो पाळकसाहेबांच्या पुढ्यात खुर्चीवर जाऊन बसला आणि सांगून आला, की तुमची शाळामास्तरीण आमच्या घटापुढं बसते, तुमच्या धर्माला हे चालतं का? पाळकसाहेब भला माणूस होता, पण चर्चच्या पंचांत एक-दोघे फार कडक होते. त्यांनी मावशीला बोलावलं. दोन धर्मांचं एकमत झालेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि ते या दोन बायकांच्या विरोधात.

पंचांनी विचारलं, तू मूर्तींपुढं बसतेस? ती म्हणाली, बसते. पूजा करतेस? नाही. मग बसतेस कशाला? ती म्हणाली, "वळख हाय म्हणून." त्यांनी सांगितलं, त्या घरी जाणार नाही असं कबूल कर, विषय संपला. ती म्हणाली, "प्रभूनं मला पाप सोडाय सांगितलं. माणसं सोडाय कधी सांगितलं न्हाई." मग पंचांनी ठरवलं, ती कबूल करेपर्यंत तिला प्रभुभोजन मिळणार नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. महिन्यातून एका रविवारी चर्चमध्ये पावाचे बारीक तुकडे आणि द्राक्षाचा रस सगळ्यांना देतात. त्यांच्या प्रभूनं मरणाच्या आधी आपल्या माणसांबरोबर केलेलं जेवण, त्याची आठवण. मावशीला बाकी काही नव्हतं. नवरा नाही, मूल नाही, भावकी नाही. तो तुकडा म्हणजे ती अजून कुणाच्या तरी घरातली आहे याची खूण होती, आणि तोच त्यांनी काढून घेतला. आईला सांगताना तिचा आवाज नेहमीचाच होता, फक्त ती सारखी पदराचं टोक दुमडत होती आणि उलगडत होती. त्या वेळी मला पंचांचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि काकांचाही नाही. ते सगळे आता नाहीत, तरी नाही.

प्राध्यापकांना तुलना हवी होती ना, तर घ्या. ख्रिस्त्यांचं दार एकच आणि ते सगळ्यांना उघडं, पण आत शिरल्यावर मागं वळून बघायचं नाही. आमची दारं ढिगानं, पण कुणी कुठल्या दारातून शिरायचं आणि कुणी बाहेर उभं राहायचं, ते जन्माआधीच ठरलेलं. आमच्या देवाला विटाळ होतो. त्यांचा देव विटाळात उतरतो, पण त्याचे राखणदार तिथंही सोवळं नेसून उभेच. दोन्हीकडे देव मोठा आणि दोन्हीकडे फाटक अरुंद. मी देवाला कधी नाव ठेवलं नाही. फाटकावरच्यांना ठेवते, आणि ठेवत राहीन. मला पाखंडी म्हणायचं तर खुशाल म्हणा.

त्या महिन्याचा प्रभुभोजनाचा रविवार आला. सकाळी आईनं नऊवारी इरकल काढलं, कपाळावर नेहमीपेक्षा ठसठशीत कुंकू लावलं आणि मला म्हणाली, "चल." मी विचारलं कुठं. म्हणाली, "रूथच्या चर्चात."

"आपण कशाला?"

"पंगतीत एका बाईच्या पानात वाढायचं न्हाई, आणि तिनं बाकीच्यांची तोंडं बघत बसायचं? ती एकटी न्हाई बसायची. तिच्या शेजारी आनि एक पान रिकामं ऱ्हाईल."

आईला चर्चमधलं काहीच माहीत नव्हतं. प्रभुभोजन म्हणजे तिच्या लेखी पंगत. आणि पंगतीचे नियम तिला पक्के ठाऊक होते.

आत डाव्या हाताला बायका सतरंजीवर ओळीनं बसलेल्या. ते बघून आईची खात्रीच पटली. ती सरळ चालत जाऊन मावशीच्या शेजारी मांडी घालून बसली. मावशीनं तिच्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. सगळ्या बायकांचे डोळे आईच्या कुंकवावर. उपदेश झाला, गाणी झाली. गाणी आपल्याच भजनांच्या चालींवर होती, आईनं मांडीवर ताल धरला. मग पंचांपैकी एकजण ताट घेऊन आमच्या ओळीत आला. मावशीला वगळून त्यानं ताट पुढच्या बाईला द्यायचं म्हटलं, पण मध्ये आई होती आणि मी होते. ताट आमच्या हातावरून पुढं गेलं. आईनं ते दोन्ही हातांनी, कपाळाला लावून पुढं दिलं. ती त्यात बोट घालणार नव्हती, ते तिचं नव्हतं. पण अन्न होतं.

बाहेर पडताना पाळकसाहेब दारात उभे होते. मोठ्या आशेनं त्यांनी विचारलं, "बाई, प्रभूविषयी ऐकायची इच्छा झाली का?"

आई म्हणाली, "न्हाई. तुमच्या पंगतीतनं आमची एक बाई उपाशी उठतीया. तिला सोबत म्हणून आलोय. तुम्ही वाढंपतूर येनार."

पाळकसाहेबांनी आईला हात जोडले. त्यांच्या मागं उभे असलेले पंच मात्र घशात काही अडकल्यासारखे खाकरले.

दिवाळी झाली. रानातली भातं कापून झाली, उसाच्या गुऱ्हाळांचा धूर सकाळी रंकाळ्यावरून यायला लागला. घरात काका आईशी बोलत नव्हते, ताट सुद्धा माझ्याकडून मागायचे. मावशी एकदा म्हणाली, "आक्का, माझ्यापायी तुझ्या घरात इख कालवलं. मी कबूल करून मोकळी हुतो." आई तिच्यावर अशी ओरडली, की मी देखील दचकले. "तू कबूल केलंस तर परत माझ्या दारात येऊ नगंस," ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, आणि दोघी हसत सुटल्या. हसता हसता मावशी रडायला लागली. म्हणाली, "लई भूक लागलीया गं." आईनं तिला पोटाशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला चर्च गच्च भरलं होतं. हिंदू बाई येऊन उपाशी बसते ही बातमी मिशनभर झाली होती आणि निम्मे लोक तेच बघायला आले असावेत. थंडी पडली होती. आई तशीच, कुंकू लावून, मावशीच्या मांडीला मांडी लावून बसलेली. तोच पंच ताट घेऊन आमच्या ओळीकडं वळला. तेवढ्यात पाळकसाहेब मेजामागून निघाले, चालत आले आणि त्याच्या हातातून ताट आपल्या हातात घेतलं. तो काहीतरी पुटपुटला. पाळकसाहेबांनी तिकडं लक्ष दिलं नाही. ते वाकले आणि ताट मावशीपुढं धरून थांबले.

मावशीनं वर बघितलं नाही. तिचा हात पदराखालून बाहेर यायला वेळ लागला. तिनं एक तुकडा उचलला आणि मुठीत धरला.

त्यांच्यात तुकडा हाती आला की लगेच खात नाहीत. सगळ्यांना मिळेपर्यंत थांबतात, मग पाळक सांगतात आणि सगळे एकदम खातात. ताट बाकीच्या ओळींतून फिरून आलं तसे पाळकसाहेब मेजामागं जाऊन उभे राहिले, हातात पुस्तक घेतलं, पान शोधायला लागले. आईला ही रीत कुणी सांगितली नव्हती, पण तिला वेगळं सांगायची गरजही नव्हती. ती अर्धवट उठली, गुडघ्यांवर उभी राहिली आणि पुरुषांच्या बाजूला, मागच्या ओळींत, दाराजवळच्या पोरांत, सगळीकडं तिनं नजर फिरवली. मग पार मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मिळालं न्हवं समद्यास्नी? हं, आता जेवा."

आणि पाळकसाहेबांनी तोंड उघडायच्या आत मावशीनं तुकडा तोंडात टाकला.